नळीचं हाड

गेला आठवडाभर फोनवर तेच ते सांगून दमलेय, म्हणून इथेच लिहून टाकते. आत्या, मावशी आणि "हात वाकडा राहिलाय म्हणे?" असं विचारणारी समस्त ब्लॉगर मंडळी, सगळ्यांना एकदमच उत्तर.

तर आमच्या ६ वर्षांच्या चिरंजीवांचा (झोपाळा, उडी, पुढचं तुम्ही ओळखलंच असेल) उजवा हात मनगटाच्या चार बोटं वर मोडलाय. ग्रीनस्टिक फ्रॅक्चर. कडुलिंबाची ओली काडी वाकवून बघा, एका अंगाला तडकते आणि दुसऱ्या अंगाला नुसती वाकते. लहान मुलांच्या हाडाचं तसंच, शिवाय वरचं आवरण जाड आणि चिवट. प्लास्टर घातलं, थोडा बाक राहिला. डॉक्टर म्हणाले, "राहू दे, वाढताना सुटेल."

वाढताना सुटेल! या दोन शब्दांवर मी दोन रात्री जागून काढल्या. सासूबाईंचं म्हणणं, गावाकडच्या हाडवैद्याकडून चोळून आणू. मग मी वाचायला बसले.

लांब हाड रबरासारखं मधून ताणलं जात नाही. स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने १७२७ च्या आपल्या पुस्तकात हे लिहून ठेवलंय. त्याने कोंबडीच्या पिल्लाच्या पायाच्या हाडाला अर्ध्या इंचावर दोन भोकं पाडली. दोन महिन्यांनी हाड चांगलं लांब झालेलं, भोकांमधलं अंतर मात्र अर्धा इंचच! (बिचारं पिल्लू.) लांबी वाढते ती टोकांजवळच्या कूर्चेच्या चकत्यांपाशी. एक्स-रेमध्ये तिथे काळी फट दिसते. ती बघून माझ्या काळजाचा ठोका चुकला होता, पण ते फ्रॅक्चर नव्हे.

मधली नळी जाड होते ती वेगळ्याच तऱ्हेने. बाहेरून आवरण नवे थर चढवतं, आतून जुनं हाड कोरलं जातं. बाकाचंही तेच. आतल्या, दाब पडणाऱ्या अंगाला भर पडते, बाहेरचा फुगवटा झिजतो, आणि चकतीही वाढता वाढता आपली दिशा सावरून घेते. वय लहान आणि मोड टोकाजवळ असेल तर जास्त सुटतं. हाडाला पीळ पडला असेल तर मात्र तो सुटत नाही. आमच्याकडे पीळ नाही, हे मी डॉक्टरांना तीनदा विचारून घेतलंय.

ताज्या मोडीवर चोळणं म्हणजे बसलेलं हाड हलवणं, हे सासूबाईंना पटलं. सध्या तेल डाव्या हाताला लागतंय!

हे सगळं मी आईला वाचून दाखवत होते. तिच्या मांडीच्या हाडात २०१९ पासून सळई आहे. जर्मनीत कील शहरी क्युंट्शर या सर्जनने १९३९ मध्ये पहिल्यांदा बसवली, त्याच जातीची. सळई जाते हाडाच्या पोकळीतूनच. उतारवयात आतलं कोरणं चालूच राहतं, बाहेरची भर पुरी पडत नाही. पोकळी रुंदावते, भिंत पातळ होते. हा परिच्छेद मी गाळणार होते, पण तिने वाचायलाच लावला. ऐकून म्हणाली, "म्हणजे त्याचं हाड अजून बांधकामात आहे."

मग काठी घेऊन नातवाच्या प्लास्टरवर हत्ती काढायला गेली.