‘पर्यावरण अभ्यास’ या विषयास अनावृत पत्र

प्रिय पर्यावरण अभ्यास,

तुला पदवीच्या वर्गात आणले ते सर्वोच्च न्यायालयाने. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ साली न्यायालयाने पर्यावरणाचे शिक्षण सक्तीचे करायला सांगितले आणि २००३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांसाठी तुझा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम ठरवून दिला. ५० तासिका, त्यांतल्या ५ क्षेत्रभेटीसाठी. मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी. तुझी-माझी गाठ या सक्तीमुळेच पडली आणि तिच्याबद्दल मी आजही कृतज्ञ आहे.

पण आमच्या महाविद्यालयात तुझी फार आबाळ झाली. तास दिवसाच्या शेवटी, तोही बऱ्याचदा बुडायचा. प्रकल्पाची वही मागच्या तुकडीच्या वहीवरून उतरवायची, ओझोनच्या थराचे चित्र रंगवायचे, सही घ्यायची. क्षेत्रभेट म्हणजे बागेत एक चक्कर. मला याचा राग येतो, कारण तुझ्या सहाव्या घटकात, सामाजिक प्रश्नांच्या शीर्षकाखाली, विस्थापितांच्या पुनर्वसनाची एक ओळ होती. त्या ओळीत कोयना खोऱ्यातली माणसे होती. धरणाच्या पाण्यात त्यांची गावे गेली, काही जण वर डोंगरात सरकून राहिले. १९८५ मध्ये तिथे अभयारण्य झाले, २०१० मध्ये व्याघ्र प्रकल्प, आणि त्यांच्या राहण्यावर, गुरे चारण्यावर नवी बंधने आली. वीज आपल्याला मिळाली, जंगलही आपल्यासाठी राखले गेले. किंमत दोन्ही वेळा त्यांनीच मोजली. आमच्या वर्गात ही ओळ ‘घरी वाचून घ्या’ म्हणून सुटली.

पुढे पदव्युत्तर अभ्यासाच्या निमित्ताने पुरंदर तालुक्यात गेले, तेव्हा तू मला खऱ्या अर्थाने भेटलास.

हा पट्टा पर्जन्यछायेतला. १९७२ च्या दुष्काळात पुण्याचे अभियंते आणि उद्योजक विलासराव साळुंखे इथे आले. नायगावला देवस्थानची सुमारे ४० एकर माळजमीन त्यांनी खंडाने घेतली, ताली घातल्या, पाणी अडवले. पाणी अडवायचे तंत्र तेव्हाही पुष्कळांना ठाऊक होते. साळुंख्यांचे मोठेपण मला वाटणीत दिसते. त्यांनी उभ्या केलेल्या पाणी पंचायतीने पाण्याचा हक्क जमिनीवरून काढून माणसांवर ठेवला. घरातल्या माणशी अर्धा एकर भिजेल एवढे पाणी, आणि एका कुटुंबाला फार तर अडीच एकरांपुरते. जमीन विकली तरी पाणी तिच्याबरोबर विकले जाणार नाही. भूमिहीनालाही वाटा. उपसा योजनेच्या खर्चातला पाचवा हिस्सा शेतकऱ्यांनी स्वतः घालायचा, पाळी सांभाळायला गटाने आपला पाटकरी नेमायचा. आणि ऊस लावायचा नाही.

यातला शेवटचा नियम मला सर्वांत धाडसी वाटतो. आपल्या राज्यात थोड्याशा जमिनीवरचा ऊस सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा वाटा पिऊन टाकतो, हे ठाऊक नसलेला पुढारी नसेल. तरी हा नियम पुरंदरच्या त्या योजनांबाहेर फारसा गेला नाही. तो का गेला नाही, हा प्रश्न भूजलाच्या नकाशावर सुटत नाही. कारखाना कोणाचा, सोसायटीचे कर्ज कोणत्या पिकाला मिळते, ग्रामसभेत कोण बोलते आणि कोण मागे बसते, हे पाहावे लागते. पाऊस किती पडला याची नोंद पर्जन्यमापक ठेवतो. पडलेल्या पाण्यावर कोणाचा अधिकार चालतो, ते माणसांतच जाऊन विचारावे लागते.

अर्थशास्त्रात मी पाणी मागणी-पुरवठ्याच्या आलेखावर शिकले होते. भूमिहीनाचा वाटा त्या आलेखावर कुठे दाखवायचा, ते मला सुचले नाही. तिथून माझ्या अभ्यासाची दिशा बदलली. बागेतल्या त्या चकरेऐवजी मला पदवीच्या दुसऱ्या वर्षालाच पुरंदरला नेले असते, तर हे सगळे किती आधी सुरू झाले असते!

म्हणून तुला शिकवणाऱ्या प्राध्यापकांना माझी कळकळीची विनंती आहे. क्षेत्रभेटीच्या तासिका खऱ्याखुऱ्या घ्या. मुलांना ग्रामसभेत बसवा. पाणीपाळीच्या दिवशी पाटावर न्या. टँकरपुढच्या रांगेत कोण उभे आहे आणि कोणाच्या घरी नळ आहे, ते लिहून आणायला सांगा. आणि कोणी जुनी वही उतरवून आणली, तर तिच्यावर सही करू नका.

तुझी,
एक माजी विद्यार्थिनी