दुसरा चिरा

पित्ताशय काढून दीड वर्ष झालं तरी मावशींचं दुखणं थांबलं नव्हतं. उजव्या बरगडीखाली उठून पाठीत जाणारी कळ, अर्धा-पाऊण तास. लिव्हरचे रिपोर्ट नॉर्मल, सोनोग्राफीत पित्तनलिका फुगलेली नाही. मी निदान केलं, ओडी स्फिंक्टरचा दोष. पित्त आणि स्वादुपिंडाचा रस आतड्यात जिथून उतरतो तिथलं हे स्नायूचं कडं. १८८७ साली रुग्गेरो ओडी या इटालियन वैद्यकीय विद्यार्थ्यानं त्याचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. दुर्बिणीतून मी त्याला चिरा दिला.

चार महिने त्या बऱ्या होत्या. मग एका सकाळी आल्या, फाइलची पिशवी मांडीवर. "डॉक्टर, परत तेच सुरू झालंय हो."

मला शंकासुद्धा आली नाही. चिरा भरताना व्रण आवळतो आणि तोंड पुन्हा अरुंद होतं, हे खरंच घडतं. मी ते पाहिलेलं आहे. पडद्यावर पेपिला, म्हणजे नलिकेचं आतड्यात उघडणारं तोंड, पांढुरकी दिसते, कडा आत ओढलेल्या, मधे टाचणीच्या टोकाएवढं भोक. फुग्यानं ते रुंद केलं की पित्ताची धार सुटते. ती धार पाहून पाहून माझा समज पक्का झाला होता, दुखणं परतलं म्हणजे तोंड आवळलं.

मावशींच्या वेळी वायर सहज आत गेली. ते दिसत असूनही मी चिरा वाढवला. त्या रात्री स्वादुपिंडाला सूज आली, अकरा दिवस त्या ॲडमिट होत्या. पाणी बंद म्हणून ओल्या फडक्यानं त्यांचे ओठ टिपणारा सुनेचा हात मला अजून दिसतो.

२०१४ साली अमेरिकेतल्या 'एपिसॉड' चाचणीचे निष्कर्ष आले. रुग्ण २१४, थेट मावशींसारखे. दुर्बीण सगळ्यांना घातली, चिरा काहींनाच दिला, आणि कोणाला दिला हे रुग्णांना कळू दिलं नाही. वर्षभरानं चिरा दिलेल्यांत २३ टक्के बरे होते, न दिलेल्यांत ३७. मी तो पेपर रागानं वाचला, आकड्यांत खोट शोधत राहिलो. मग मावशींची फाइल काढली. चार महिन्यांच्या आरामाला मी निदानाचा पुरावा धरलं होतं, आणि कळ परतली याला आवळल्याचा. तसा आराम तर चिऱ्याशिवायही पडत होता. २०१६च्या रोम निदान-निकषांनी या प्रकारच्या दुखण्याला स्फिंक्टरचा दोष म्हणणंच सोडून दिलं.

आता कळ परतली म्हणून कोणी आलं की मी आधी विचारतो, कळ आली तेव्हा रक्त तपासलं होतं का? एंझाइम चढलेले असतील, नलिका फुगलेली असेल, तरच दुर्बीण.

मावशींना बोलावून मी सांगितलं, पहिलाच चिरा द्यायला नको होता. त्या पिशवीचे बंद चाचपत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग दुखतंय ते कशानं?"

त्या दिवशी त्यांना टेबलावर आडवं केलं, मान उचलून धरायला सांगितली, आणि ताठ झालेल्या पोटाच्या स्नायूवर बोटानं दुखरी जागा शोधू लागलो. इतक्या वर्षांत हे मी एकदाही केलं नव्हतं.