गोलनंतरचं मिनिट

सतरा वर्षांखालील फुटबॉल विश्वचषक, २०१७ : प्रवासाची दैनंदिनी, भाग दुसरा

९ ऑक्टोबर, सोमवार. दिल्ली

जवाहरलाल नेहरू स्टेडियमच्या दारात एक खोकं ठेवलं होतं, त्यात नाणी टाकायची. चिडलेला प्रेक्षक नाणं मैदानात भिरकावतो, म्हणून ते आत न्यायला मनाई. माझ्यापुढच्या शाळकरी पोरानं दहा रुपयांचं नाणं मुठीत घट्ट धरून हवालदाराला विचारलं, "अंकल, वापस मिलेगा?" हवालदार नुसता हसला. पोरगं शहाणं होतं. रांगेतून बाहेर पडलं, नाण्याचे चणे घेऊन खाल्ले आणि पुन्हा मागे येऊन उभं राहिलं. रांगेत निम्मी चर्चा फटाक्यांचीच होती. सर्वोच्च न्यायालयानं आजच दिल्ली परिसरातल्या फटाकेविक्रीवर बंदी आणली आहे.

शुक्रवारी अमेरिकेकडून ०-३ अशी हार झाल्यावर आज कोलंबियासमोर काय होणार, याबद्दल कुणाला फारशी आशा नव्हती. तरी आत जवळजवळ ४८ हजार माणसं. माझ्या डाव्या हाताला दिल्लीत शिकणारी मणिपुरी मुलंमुली होती आणि त्यांचा तोरा काही वेगळाच. २१ जणांच्या या संघात ८ जण मणिपूरचे. कर्णधार अमरजित सिंग त्यांचा, गोलरक्षक धीरज सिंग त्यांचा. मागच्या रांगेत चक्क कोल्हापूरकर निघाले. चौघं जण अनिकेत जाधवसाठी आले होते. "आमचं पोरगं हाय ते," एकानं सांगितलं. अनिकेतचे वडील रिक्षा चालवतात, पोरगा पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला, हे सगळं त्यानं एका दमात ऐकवलं. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारच्या सामन्याला किती गर्दी होते, तेही ऐकावं लागलं. कोल्हापूरच्या माणसाला फुटबॉलबद्दल बोलतं करावं लागत नाही, थांबवावं लागतं.

पहिला अर्धा तास कोलंबियाच्या पोरांकडे चेंडू आणि आपल्याकडे धीरज. पण मध्यंतराच्या तोंडावर राहुल के. पी.चा फटका खांबावर आदळला आणि सगळं स्टेडियम उभं राहिलं. मध्यंतरानंतर लगेच, ४९व्या मिनिटाला, पेन्यालोझानं गोल केला. आता पडझड होणार असं वाटलं. झाली नाही. ८२व्या मिनिटाला संजीव स्टॅलिननं कॉर्नर घेतला, गर्दीतून सव्वासहा फुटांच्या आसपासचा जिक्सन सिंग वर उठला, डोकं लावलं आणि चेंडू आत. भारताचा संघ फिफाच्या विश्वचषकात खेळतोय तोच मुळी या वेळी पहिल्यांदा. १९५०मध्ये ब्राझीलला जायची संधी होती, आपण गेलो नाही. त्यामुळे भारताच्या नावावर लागलेला हा पहिलाच गोल. मणिपुरी मुली रडत होत्या. कोल्हापूरकरांनी मला उचलायचा प्रयत्न केला.

पुढच्याच मिनिटाला पेन्यालोझा पुन्हा मोकळा सुटला. २-१.

मी मैदानाकडे पाहत नव्हतो, मला खाली उतरवत होते. पण रात्री खोलीत टीव्हीवर तो तुकडा दहादा दाखवला. जिक्सनच्या गोलनंतर आपली पोरं कोपऱ्यात एकमेकांवर पडली, उठली, परतली. खेळ सुरू झाला तेव्हा शरीरं जागेवर होती, मनं मात्र अजून त्या कोपऱ्यात. समोरची सतरा वर्षांची पोरं व्यावसायिक क्लबांत वाढलेली. गोल खाल्ल्यावर काय करायचं, हे त्यांच्या अंगात मुरलंय. आपल्या पोरांना गोल करायला शिकवलं, गोल झाल्यावरचं मिनिट कुणी शिकवलं नाही. कसं शिकवणार? त्यांच्या वाट्याला असे सामनेच किती आले?

टीव्हीवरचे सगळे मात्र "हरले पण मनं जिंकली" म्हणत होते. मला हे कौतुक हारीपेक्षा जास्त बोचतं. इतकं कौतुक आपण लहान मुलांचं करतो, खेळाडूंचं नव्हे.

१० ऑक्टोबर, मंगळवार. मडगाव

सकाळचं विमान, दुपारी दाबोळी. तिथून मडगावला आलो आणि फातोर्ड्यापर्यंत पायलट केला. गोव्याबाहेरच्यांसाठी : पायलट म्हणजे पिवळ्या मडगार्डची भाड्याची मोटारसायकल आणि तिचा चालकही. माझा पायलट साठीच्या पुढचा. ब्रह्मानंद संखवाळकर गोलमध्ये उभे असायचे तेव्हाचे सामने त्यानं पाहिलेले. "बाब, आज मॅच पाहायला येणार ना?" मी विचारलं. त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. "आमचो एक लेगीत भुरगो ना टीमींत."

खरं आहे. भारताच्या या संघात गोव्याचा एकही मुलगा नाही. आणि हाच संघ दीर्घकाळ राहिला, सरावला तो गोव्यातच, महासंघाच्या अकादमीत. धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या गोव्याच्या जुन्या क्लबांनी गेल्या वर्षी राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतलं. फातोर्ड्याला गर्दी होते ती आता एफसी गोवाच्या सामन्यांना. पायलटचा राग मणिपूरवर नव्हता, घरच्यांवर होता. भाडं मात्र त्यानं वाजवीच घेतलं.

स्टेडियमबाहेरच्या गाड्यावर रोस ऑम्लेट खाल्लं. गरम शागुतीच्या रसात बुडालेलं ऑम्लेट आणि पाव. वर कापलेला कांदा, लिंबू. गाडेवालीनं विचारलं, "जर्मन?" मी म्हटलं, "इराण." ती हसली, रस थोडा जास्त ओतला. दयेनं असावा.

पहिला सामना कोस्टा रिका आणि गिनी यांचा २-२ झाला, त्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. दुसऱ्यात इराणनं जर्मनीला ४-० झोडपलं. होय, चार शून्य. सहाव्या मिनिटाला युनुस देल्फी, मध्यंतराआधी पुन्हा तोच, मग सय्यदमनेश, मग नामदारी. या वयोगटाच्या विश्वचषकात जर्मनी एवढ्या फरकानं कधी हरली नव्हती. पण मी पाहत होतो ते वेगळंच. इराणनं गोल केला की पोरं धावत येत, मिठ्या मारत आणि दोघंतिघं लगेच मागे वळून आपल्या बचावपटूंना हातानं जागा दाखवू लागत. दरवेळी. काल रात्री हे पाहिलं नसतं तर आज माझ्या लक्षातही आलं नसतं.

सामना संपल्यावर जर्मन कर्णधार यान-फीटे आर्प कंबरेवर हात ठेवून मध्यरेषेपाशी उभा राहिला. हांबुर्गकर त्याला उद्याचा मोठा खेळाडू मानतात म्हणे. त्या क्षणी तो गणितात नापास झालेल्या मुलासारखा दिसत होता, घरी काय सांगायचं याचा विचार करणारा.

११ ऑक्टोबर, बुधवार. मांडवी एक्स्प्रेस

आज माझ्या वाट्याला सामना नाही. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक यंदा ऑक्टोबरअखेरपर्यंत आहे, त्यामुळे गाडी आपल्या चालीनं. पण मांडवीत बसल्यावर घाई कुणाला असते? कांदाभजी दोनदा आली, दोन्ही वेळा घेतली.

कुडाळला एक शाळामास्तर चढले. माझ्या पिशवीवरचं चिन्ह पाहून त्यांनीच विषय काढला. सप्टेंबरच्या १५ तारखेला राज्यभर शाळांतून फुटबॉल खेळवले, तेव्हा त्यांच्याही शाळेला चेंडू मिळाले. "चेंडू झकास आहेत," ते म्हणाले, "पण पावसात आमच्याकडे सपाट जागा म्हणजे भाताची खाचरं. आता कापणी झाली की मैदानच मैदान." खिडकीबाहेर पिवळं पडलेलं भात होतं, कुठे कुठे विळे लागले होते. नोव्हेंबर ते मे हा कोकणातल्या पोरांचा हंगाम. चेंडू बांधावर आपटला की कुठे उडेल हे त्यांना बरोबर कळतं म्हणे. मास्तर रत्नागिरीला उतरले. उतरताना म्हणाले, "तो जिक्सन उंच आहे हो. आमच्याकडची पोरं उंचीत कमी पडतात."

पनवेलला रात्र झाली.

१२ ऑक्टोबर, गुरुवार. नेरूळ

आज भारताचा शेवटचा साखळी सामना दिल्लीत, घानाशी. मी डी. वाय. पाटील स्टेडियमवर, अमेरिका-कोलंबिया पाहायला. गटातले शेवटचे दोन सामने एकाच वेळी का होतात? त्याचं मूळ १९८२च्या विश्वचषकात आहे. स्पेनमधल्या हिहोन गावी पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांना १-० हा निकाल दोघांच्याही सोयीचा होता. तसा गोल झाला आणि उरलेला वेळ दोघांनी चेंडू टोलवत काढला. अल्जीरिया बाहेर गेली. तेव्हापासून घड्याळं एकत्र चालतात.

त्यामुळे आज रात्री आठ वाजता माझ्या आसपासचा प्रत्येक माणूस एका डोळ्यानं मैदान आणि दुसऱ्यानं मोबाइल पाहत होता. पाच वाजताच्या सामन्यात पॅराग्वेनं तुर्कस्तानला ३-१ हरवलं, तेव्हा लोक निवांत होते. आता मात्र मैदानावर काही नसतानाही अधूनमधून "अरेरे" उठायचं आणि बिचारे अमेरिकन खेळाडू वर बघायचे.

त्रेचाळिसाव्या मिनिटाला घानाच्या कर्णधारानं, एरिक आयानं, गोल केला. मध्यंतरानंतर त्याचाच दुसरा. माझ्या मागचे काका मोबाइल पुढे करून म्हणाले, "हे सतराचे वाटतात तुम्हाला?" हा प्रश्न आफ्रिकेतल्या संघांबद्दलच का निघतो? परवा सहा फुटी जर्मन पोरांबद्दल कुणी विचारलं नाही. २००९पासून फिफा या स्पर्धेसाठी मनगटाचा एमआरआय करते. तिथलं हाड पूर्ण जुळलेलं दिसलं की वय ओलांडलेलं असण्याचीच शक्यता जास्त. हे मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, "मनगटाचं ठीक आहे, मांड्या बघा."

शेवटच्या काही मिनिटांत सगळं एकदमच आलं. इकडे पेन्यालोझानं आधीच फ्रीकिकवर पुढे नेलेल्या कोलंबियानं सामना ३-१ असा संपवला. तिकडे घानानं पाठोपाठ दोन गोल करून ४-०. ८६ आणि ८७. पुन्हा तेच, एका गोलनंतरचं मिनिट. या वेळी गोल खाल्ल्यानंतरचं. घाना, कोलंबिया, अमेरिका तिघांचे सहा-सहा गुण आणि भारताचा भोपळा.

सगळे जिने उतरत होते, तेव्हा "पोरं लढली" सुरू झालं होतं. मी काही बोललो नाही. नेरूळ स्टेशनकडे चालताना काका पुन्हा शेजारी आले. गटात पहिला आलेला घाना १८ तारखेला इथेच, याच मैदानावर पुढचा सामना खेळणार, हे त्यांना आत्ताच कुणीतरी सांगितलं होतं.

"अठरा म्हणजे नरक चतुर्दशी," ते म्हणाले. "पहाटे अंघोळ, फराळ, दुपारी झोप. संध्याकाळी मोकळाच आहे मी. तिकिटं अजून मिळतील का हो?"

(पुढील भागात : दिवाळी आणि घानाच्या मांड्या)