जुन्नरच्या वाड्यांतील युद्धनौका

मंचर, नारायणगांव मागें टाकून आम्ही जुन्नरास पोंचलों, तेव्हां यजमानांच्या वाड्यांत आवराआवर चालली होती. ओसरीवर मोडक्या सामानांत एक जुनें शिळाछाप चित्र चौकटीसह टेकून ठेविलें होतें. धुराचे लोट, मोडलेल्या डोलकाठ्या, आणि मध्यभागीं तोफा डागणारी एक भव्य युद्धनौका !

"साहेबाच्या लढाईचें चित्र तें. आपला काय संबंध ? उद्यां मोडींत घालणार," यजमान म्हणाले.

आम्हीं चौकट उजेडांत धरिली. खालीं 'नवारिनो, १८२७' असें छापलें होतें. शेजारीं नौकेचें नांव, 'एशिया'.

ही नौका मुंबईच्या गोदींतील. नौरोजी जमशेटजी वाडिया यांनीं बांधलेली ही मलबारी सागवानाची, ८४ तोफांची नौका १८२४ सालीं पाण्यांत उतरली. पुढें २० ऑक्टोबर १८२७ रोजीं नवारिनोच्या उपसागरांत इंग्रज, फ्रेंच व रशियन आरमारांनीं तुर्की व मिसरी आरमाराचा मोड केला. इंग्रज सेनापति कॉड्रिंग्टन याचें निशाण 'एशिया'वरच होतें. केवळ शिडाच्या जहाजांनीं लढलेली ही शेवटची मोठी लढाई. तिनें ग्रीसच्या स्वातंत्र्याचा मार्ग मोकळा केला. तिचीं शिळाछाप चित्रें पुढल्याच वर्षीं विलायतेंत निघालीं. आमच्या हातांतील चित्रावर सेनापतीचें नांव होतें. नौका बांधणाराचें मात्र नव्हतें.

दुसरे दिवशीं यजमानांसह शिवनेरीचीं लेणीं पाहिलीं. इरिल नांवाच्या यवनानें पाण्याचीं दोन टाकीं आणि चिट नांवाच्या यवनानें भोजनमंडप दिल्याचे लेख तेथें आहेत. 'यवन' हा शब्द आपल्याकडे प्रथम ग्रीकांसच लावीत. नाणेघाटाच्या वाटेनें जुन्नरचा व्यापार कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांशीं जोडलेला होता, त्या काळची ही गोष्ट.

"म्हणजे यवनांनीं आम्हांस पाणी दिलें, आणि त्यांच्या देशासाठीं आमचें सागवान लढलें !" यजमान हंसून म्हणाले.

नौका इंग्रजांच्या आरमाराची, हुकूमही त्यांचा, हें खरेंच. परंतु घडविणारे हात मुंबईचे होते. एका टाक्याच्या दात्याचें नांव सुमारें अठराशें वर्षें दगडावर टिकतें, आणि एवढ्या नौकेच्या कारागिराचें नांव दोनशें वर्षांत घरच्यांसही ठाऊक नसावें, ही गोष्ट मनास लागली.

सायंकाळीं वाड्यांतील आजींनीं पदरानें कांच पुसली. नातवानें सुवाच्य अक्षरांत चिठ्ठी लिहून चौकटीखालीं चिकटविली : 'मुंबईच्या गोदींत बांधली. नौरोजी जमशेटजी वाडिया, १८२४.' चित्र पुन्हां आपल्या जागीं गेलें.

वाचकहो, आपल्या माळ्यावरील जुन्या चौकटीही मोडींत घालण्यापूर्वीं एकवार उजेडांत धराव्या.