पाच पावलांवरून

निवृत्तीनंतर काय करावे, याविषयी सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. मी त्यांतले कुणाचेच ऐकले नाही. शाळा सुटली तसा एक कॅमेरा घेतला आणि सुप्याच्या माळावर लहानसे घर बांधले. शेजारी नसण्याचे सुख आता उपभोगावे, असा बेत होता.

शेजारी निघालेच. पौषातल्या एका पहाटे बांधावरच्या बोरीखाली काहीतरी हलले. मांजराहून थोडे मोठे, राखी अंगाचे, आणि झुपकेदार शेपटीचे टोक काजळात बुडवल्यासारखे काळे. पडलेली बोरे ते एकेक करून खात होते.

"अहो, कोल्हा!" ही कुजबुजली.

कोल्हा नव्हे, खोकड. कोल्हा आठ-दहा किलो भरतो; हे बापडे जेमतेम अडीच-तीन. आंबट द्राक्षांची गोष्ट वास्तविक याच्या कुळातली; मराठीत आणताना आपण ती कोल्ह्याच्या नावावर चढवली. उंदीर, टोळ, वाळवी खाऊन शेतकऱ्याचे काम करावे आणि नावही दुसऱ्याचे व्हावे, असे हे जनावर!

माझ्या कॅमेऱ्याची नजर तोकडी. पन्नास पावलांवरचे खोकड फोटोत धोंड्यासारखे दिसे. लांबचे टिपणारे भिंग घ्यायचे, तर चार महिन्यांचे पेन्शन गेले असते. मी स्वस्तातली युक्ती काढली. कुंपणापाशी ताटलीत दूधभाकरी ठेवली. सकाळी ताटली लख्ख! मग दर दोन-चार दिवसांनी ती घराकडे सरकवू लागलो. आधी चाफ्यापाशी, मग हौदापाशी, शेवटी तुळशीवृंदावनाच्या पायरीशी.

मेंढरे घेऊन जाणारा म्हातारा धनगर एकदा ते पाहून थबकला. "गुर्जी, रानच्या जिवाला दारची सवय लावू नगा."

मी हसलो आणि त्याला फोटो दाखवले.

वैशाखात मादीमागून तीन पिल्ले आली. नर जरा लांब, कुंपणापाशी पहारा करी. मी ओसरीवर श्वास रोखून बसे. एका दिवेलागणीला मनासारखा फोटो निघाला. पिल्लाने ताटलीत पुढचे पाय रोवले आहेत, नाकाला दूध लागले आहे, आणि ते सरळ माझ्याकडे पाहते आहे. अंतर पाच पावले.

चिंकारांसाठी 1997 साली राखलेले मयूरेश्वर अभयारण्य इथून जवळच आहे. पण ते अवघे पाच चौरस किलोमीटर. उरलेल्या माळावर प्लॉटचे दगड उभे राहत होते. त्यांतला एक प्लॉट माझाच, हे मी सोयीस्करपणे विसरत असे. बांधकामांबरोबर कुत्री आली. दुधाचा वास कुत्र्यांनाही येतो, एवढी साधी गोष्ट चाळीस वर्षे मुलांना शिकवलेल्या माणसाला सुचू नये?

एका रात्री गलका झाला. बॅटरी घेऊन धावलो. कुत्री पांगली. पिल्लू ओसरीच्या पायरीला लागून पडले होते. सकाळी धुळीतले माग पाहिले. कुंपण तिकडे मोकळे होते. ते कुंपणाकडे गेलेच नव्हते; वृंदावनापासून सरळ आमच्या दाराकडे आले होते.

बोरीखाली त्याला पुरले. ताटली उचलली. दुसऱ्या संध्याकाळी मादी आली, कुंपणाबाहेर बराच वेळ उभी राहिली. कॅमेरा खुंटीवर होता.

तो फोटो बैठकीत लावला आहे. येणारा प्रत्येक जण त्याच्यापुढे थांबतो. "वा! इतक्या जवळून कसा मिळाला हो?" असे विचारतो. ही चहा टाकायला म्हणून आत निघून जाते.