मालकाला कोर्टात नेणारा ड्रायव्हर

परवा रविवारी पुतण्या मोबाइलवर फॉर्म्युला वन बघत बसला होता. आमच्या भागात पोरांना गाड्यांचा नाद जुनाच, पण ही रेस त्यांना आता आता कळायला लागलीय. मधेच म्हणाला, "काका, ही हिरवी ॲस्टन मार्टिन आहे ना, ही पूर्वी आपली टीम होती म्हणे. खरं का?"

खरं आहे आणि नाहीही. त्याला दोन वाक्यांत सांगून मोकळा झालो. पण तेव्हापासून डोक्यात ते चक्र फिरतंय, म्हणून इथे लिहितो. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

ही टीम मूळची इंग्लंडातली. सिल्व्हरस्टोनजवळ कारखाना, आधीचं नाव जॉर्डन, मग मिडलँड, मग स्पायकर. 2007 मध्ये विजय मल्ल्यांनी एका डच भागीदाराबरोबर ती विकत घेतली आणि नाव ठेवलं फोर्स इंडिया. म्हणजे लायसन भारतीय, गाडीवर तिरंग्याचे रंग, पण नटबोल्ट आवळणारी माणसं बहुतेक तिकडचीच. पहिल्या वर्षी, 2008 ला, एकही गुण मिळाला नाही. 2009 ला बेल्जियममध्ये फिसिकेलानं पोल पोझिशन घेऊन दुसरा नंबर काढला तेव्हा आमच्या न्यूज डेस्कवर पेढे आले होते. क्रीडा पान मीच लावलं होतं, आणि हेडिंगमध्ये 'आपली' हा शब्द मीच घातला होता. असो.

मल्ल्या म्हटलं की आपल्याला कॅलेंडर आणि पार्ट्या आठवतात. पण टीम उधळी नव्हती, उलट चिकट होती. चारशेच्या आसपास माणसं. मर्सिडीज-फेरारीकडे त्याच्या दुपटीहून जास्त. तरी 2016 आणि 2017 अशी सलग दोन वर्षं ती चौथी आली. रुपयात किती काम काढलं हा हिशेब लावला तर त्या काळात तिच्या जवळपास कुणी नव्हतं.

मग पैसा अडला कुठे? ऊसवाल्याला हे पटकन कळेल. लागणीचा, खताचा खर्च आधी, आणि बिल कारखान्याकडून पुढे कधीतरी हप्त्यानं. रेसिंगमध्ये गेल्या वर्षीच्या नंबरावर बक्षिसाचे पैसे ठरतात आणि ते वर्षभर हप्त्याहप्त्यानं येतात. पण नवी गाडी बनते थंडीत, रेस नसताना. आणि तेव्हा माल देणाऱ्याला रोख हवे असतात. त्यातून वाटपही सरळ नाही, फेरारीला नुसत्या इतिहासापोटी वेगळा बोनस. फोर्स इंडिया आणि सॉबर या दोघांनी 2015 मध्ये युरोपियन कमिशनकडे याची तक्रारही केली होती.

त्याच्या आदल्या वर्षी, 2014 ला, कॅटरहॅम आणि मारुसिया या दोन टीम एकाच महिन्यात झोपल्या. कॅटरहॅमनं तर शेवटची अबू धाबीची रेस गाठायला लोकांकडून वर्गणी काढली, आपल्या गणेश मंडळासारखी. मारुसिया कशीबशी मॅनर नावानं परत उभी राहिली ती ज्यूल बियांकीनं मोनॅकोत मिळवलेल्या नवव्या नंबराच्या दोन गुणांवर. तो पोरगा त्याच वर्षी जपानच्या रेसमध्ये जबर जखमी झाला आणि पुढच्या वर्षी गेला. पुढे 2016 ला ब्राझीलमध्ये भर पावसात सॉबरचा नासर नववा आला, मॅनर दहाव्यावरून अकराव्यावर गेली, बक्षिसाचे पैसे हुकले आणि जानेवारी 2017 मध्ये टीमला कुलूप लागलं. दुसऱ्याच्या दोन गुणांनी दोनशेवर माणसं घरी. आणि असे दोघे बुडाले की माल देणारे उरलेल्यांनाही उधारी बंद करतात. 2015 ला फोर्स इंडिया जुनीच गाडी घेऊन सरावाला गेली त्यामागं हेही एक कारण होतं.

मालकांची इकडची कथा तुम्हाला माहीतच आहे. किंगफिशरची विमानं ऑक्टोबर 2012 ला जमिनीवर आली, पगार त्याच्या किती महिने आधीच थांबलेले. टीममधले दुसरे भागीदार सहाराश्री, ते 2014 ला तिहारला. मार्च 2016 मध्ये मल्ल्या देश सोडून गेले. किंगफिशरचे कर्मचारी थकलेल्या पगारासाठी वर्षानुवर्षं फेऱ्या मारत राहिले आणि तिकडे साहेबांची टीम चौथ्या नंबरावर. तेव्हा माझ्यासारख्यांना त्या टीमचाही राग यायचा. ती माणसंही आपल्यासारखी पगारदारच आहेत हे डोक्यात यायचंच नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. 27 जुलै 2018, शुक्रवार. हंगेरीच्या रेसचा आठवडा. लंडनच्या हायकोर्टानं फोर्स इंडिया ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये घातली. अर्ज कुणी केला होता? टीमचाच ड्रायव्हर, सर्जिओ पेरेझ. त्याचं मानधन थकलेलं होतं. मर्सिडीजचे इंजिनाचे पैसे थकलेले होते, तेही त्याच्या मागे उभे राहिले. पेरेझनं नंतर सांगितलं की टीममधल्याच काही जणांनी त्याला हे करायला सांगितलं. दुसऱ्या एका देणेकऱ्याचा अर्ज आधी मंजूर झाला असता तर टीम थेट बंदच पडली असती. ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये तसं होत नाही. देणेकऱ्यांचे हात बांधले जातात, कोर्टानं नेमलेला माणूस धंदा चालू ठेवतो आणि चालता धंदा विकतो. नेमलेल्या कंपनीचं नाव एफआरपी. आमच्याकडे एफआरपी म्हटलं की उसाच्या थकबाकीवरून रस्ता रोको, तिकडे एफआरपीनं सगळी थकबाकी भागवली! ऑगस्टमध्ये कॅनडाच्या लॉरेन्स स्ट्रोलच्या गटानं टीम घेतली. 405 जणांच्या नोकऱ्या राहिल्या. टीमचे 59 गुण मात्र गेले, शून्यापासून सुरुवात. आणि लगेच बेल्जियममध्ये दोन्ही गाड्या पाचव्या-सहाव्या आल्या.

त्याच पावसाळ्यात आमच्या दैनिकातले पगार पाच महिने थकले होते.

नाव घेत नाही. जिल्ह्याचा पेपर, मालकांना सगळे भाऊ म्हणायचे. माणूस वाईट नव्हता. माझ्या वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळी रात्री अकराला हॉस्पिटलचं डिपॉझिट त्यांनी भरलं होतं. आमच्या डीटीपीवाल्यानं सहायक कामगार आयुक्तांकडे द्यायचा अर्ज टाइप केला. अकरा जण सही करायला तयार, पण म्हणाले, पहिली सही सरांची. मी सीनियर. शिवाय डिप्लोमाला कामगार कायद्याचा पेपर दिलेला, मजिठियावर भाषणं ठोकणारा मीच.

अर्ज माझ्या खणात सव्वादोन महिने होता. रोज म्हणायचो, दिवाळीच्या जाहिराती येऊ देत, भाऊ देतील. हंगेरीची बातमी एजन्सीवरून आली तेव्हा ती दोन कॉलममध्ये मीच लावली, 'मल्ल्यांना दणका' असं हेडिंग देऊन. ज्या खणात अर्ज होता, त्याच टेबलावर.

दिवाळीच्या आधी ऑफिसला कुलूप लागलं. मशीन बँकेनं ओढून नेलं. आमच्या पगारातून कापलेला पीएफ चौदा महिने भरलेलाच नव्हता हे नंतर कळलं. मला महिन्याभरात दुसरीकडे काम मिळालं. सगळ्यांना नाही मिळालं.

पेरेझचं पुढे काय झालं तेही सांगतो, नाहीतर गोष्ट फार गोड होईल. नव्या मालकाचा मुलगा 2019 पासून त्याच टीमचा ड्रायव्हर झाला आणि चांगला चालवणाऱ्या ओकॉनला वर्षभर घरी बसावं लागलं. 2020 च्या सप्टेंबरात पेरेझलाही, करार हातात असताना, सांगितलं की पुढच्या वर्षी तू नाहीस, व्हेटेल येतोय. ज्यानं टीम वाचवली त्यालाच नारळ. डिसेंबरात साखीरच्या रेसमध्ये पहिल्याच फेरीत धडक बसून तो शेवटच्या नंबरावर गेला आणि तिथून येऊन रेस जिंकला. त्याच्या आयुष्यातला तो पहिला विजय. तोवर पुढच्या वर्षीची नोकरी त्याच्या हातात नव्हती.

आमचा तो डीटीपीवाला आता तहसीलच्या बाहेर झेरॉक्सचं दुकान चालवतो. काल कागद काढायला गेलो होतो. त्याला पेरेझ कोण हे माहीत नाही, रेसही बघत नाही. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, खणातल्या अर्जापर्यंत. तो काही बोलला नाही. मग विचारलं, "सर, त्या चारशेपाच जणांचे पगार झाले का पण?"

झाले, म्हटलं.

"बरं झालं," म्हणाला, आणि मागे उभ्या म्हाताऱ्याचा सातबारा मशीनवर ठेवला.