चौथ्या महिन्यानंतरची गोळी

दिवाळी सरली की पनवेल तालुक्यातल्या अनेक कातकरी वाड्यांमध्ये दारांना कड्या लागतात. माणसं वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. त्याच सुमारास आलेली एक बाई. सातवा महिना, एचबी ७.४. लोहाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं तिने पिशवीतून काढून माझ्यापुढे ठेवली. एकही गोळी चुकवली नव्हती. तरी ‘नीट घेत नसशील’ हे तिला एका ठिकाणी ऐकून घ्यावं लागलं होतं. डोहाळे विचारले तर मान खाली घालून म्हणाली, ‘मातीचे.’ शौचाच्या तपासणीत अंकुशकृमीची अंडी सापडली.

हा कृमी बहुधा अनवाणी पायातून शिरतो. उघड्यावरच्या विष्ठेतली अंडी ओल्या, सावलीतल्या मातीत फुटतात. अळ्या पायाची कातडी भेदून रक्तातून फुप्फुसात, तिथून घशात आणि गिळल्या जाऊन लहान आतड्यात पोचतात. तिथे चिकटून रक्त पितात. अंकायलोस्टोमा जातीचा एक कृमी दिवसाला साधारण ०.१५ ते ०.२ मिलिलिटर रक्त घालवतो. नेकेटर ही अंकुशकृमीची दुसरी जात, ती त्याहून बरंच कमी. पहिल्या जातीचे शंभर धरले तर रोजचं १५-२० मिलिलिटर झालं. लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं, पण अंगी लागतं त्यातलं थोडंच. मग एचबी चढणार कुठून?

औषध साधं आहे : अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम, एकच गोळी, चघळून. जपायचं ते वेळेला. पहिले तीन महिने ती देत नाहीत, कारण उंदीर-सशांवरच्या प्रयोगांत गर्भात व्यंगं दिसली होती. २०१८ पासूनच्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात ती दुसऱ्या तिमाहीत द्यायची आहे. दिवस गेल्याचं कळण्याआधी ही गोळी घेतलेल्या मुली रडत येतात, ‘मॅडम, आता पाडावं लागेल का?’ नाही. अशा बायकांच्या बाळांत व्यंगांचं प्रमाण वाढल्याचं आजवर दिसलेलं नाही. ही भीती वेळेत कानावर आली तर एक गर्भ वाचतो.

गोळीने सगळीकडे सारखाच गुण येतो, असं मात्र नाही. नेपाळच्या सर्लाही जिल्ह्यातल्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन मात्रा घेतलेल्या मातांच्या बाळांचं जन्मवजन सरासरी ५९ ग्रॅमने जास्त भरलं. युगांडातल्या एंटेबेला झालेल्या अभ्यासात सरसकट फायदा दिसला नाही. रक्तक्षयात थोडा फरक वाटला तो अंकुशकृमी जास्त असलेल्यांतच. म्हणून पायाखालची माती कशी आहे, हे मी आधी विचारते.

सासूबाई कधी वावडिंगाचा काढा सुचवतात. जंतांवर ते जुनं औषध खरंच आहे. पण पिंपळी आणि टंकणासोबत तेच वावडिंग गर्भधारणा टाळण्यासाठीही सांगितलेलं आहे. पोटुशीला ते देऊ नका, असं मी हात धरून सांगते.

त्या बाईला शिरेतून लोह दिलं, अल्बेंडाझोल माझ्यासमोर चघळायला लावलं. निघताना चपला घालत जा म्हटलं. ती म्हणाली, ‘मॅडम, विटांचा गारा पायानेच तुडवायचा असतो. चपला रुततात.’ तिच्या कार्डावर मी पुढच्या जंतांच्या गोळीची तारीख लिहिली, आणि खाली भट्टीचं गाव.